तोडगा आणि तांदूळ

मराठीतील काही शब्द आपला जुना व्यवसाय सोडून प्रतिष्ठित जागी जाऊन बसले आहेत. 'तोडगा' हा त्यांपैकी एक. आज 'संपावर तोडगा निघाला' असे वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर टेबल, खुर्च्या आणि वाटाघाटी येतात. जुन्या वापरात तोडगा म्हणजे वैद्यकाच्या शिरस्त्याबाहेरचा उपाय होता. ताप उतरत नसेल, गाय पान्हा चोरत असेल, मूल रात्री दचकून उठत असेल, तर शेजारची एखादी वृद्धा तोडगा सांगे. त्याला कारणमीमांसा लागत नसे. कोणाला तरी कधीतरी गुण आला होता एवढी साक्ष पुरे होई. पुढे घराघरांत यंत्रे आली. कंदील आला, स्टोव्ह आला, रेडिओ आला, शेवटी खिशातला फोन आला. तोडगा या काळात नाहीसा झाला नाही. त्याचा रोगी मात्र बदलला. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या दुसऱ्या आयुष्यातला तोडगा, आणि विशेषतः त्याची परीक्षा घेण्याचा प्रश्न.

या विषयाकडे पुण्या-मुंबईहून पाहण्यापेक्षा भंडारा जिल्ह्यातील सानगडीहून पाहावे असे मला वाटते. साकोली तालुक्यातील हे गाव. जुन्या किल्ल्याचे अवशेष, तलाव आणि चहूकडे धानाच्या बांध्या. हा झाडीपट्टीचा मुलूख. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेल्या तलावांमुळे 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जाणारा. सानगडीच निवडण्याचे कारण साधे आहे. गेल्या दोन दशकांत जगभर सर्वाधिक पसरलेला यांत्रिक तोडगा कोणता, असे विचारले तर 'पाण्यात पडलेला फोन तांदळात पुरून ठेवावा' हेच उत्तर येईल. ज्या वस्तूवर हा तोडगा उभा आहे ती वस्तू सानगडीच्या बांध्यांत पिकते. तांदूळ ओलावा कसा धरतो, किती सोडतो, किती दिवसांनी सोडतो, हे धान पिकवणाऱ्याला पोथी न वाचता कळते. कापलेले धान पुरेसे वाळले की नाही हे तो दाणा दाताखाली धरून ओळखतो. कट्कन फुटला तर वाळला, दबला तर ओला. इतके ज्ञान हाताशी असताना बाहेरून आलेला तोडगा इथल्याही घरांत जसाच्या तसा चालतो, ही गोष्ट मला कुतूहलाची वाटते. त्या कुतूहलाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

घरातले पहिले नाजूक यंत्र बहुधा कंदील. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला, त्याभोवती ओगलेवाडी वसली, आणि तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. कंदिलाचे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे काच तडकणे. पावसाळ्यात तापलेल्या काचेवर एक थेंब पडला की संपले. त्यावरचा तोडगा देशोदेशीच्या गृहोपयोगी पुस्तकांत सापडतो: नवी काच मिठाच्या पाण्यात घालून उकळावी, त्याच पाण्यात हळूहळू निवू द्यावी, म्हणजे ती कणखर होते. या उपायाला शास्त्राचा वास आहे, कारण काचकारखान्यातही काच तापवून सावकाश निववतात आणि त्याने तिच्यातले अंतर्गत ताण खरोखर नाहीसे होतात. मात्र ते काम पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास होते. पाणी शंभर अंशाला उकळते. मीठ घातल्याने त्यात फार तर काही अंशांची भर पडेल. एवढ्या उष्णतेने काचेच्या अंतरंगात काहीच हलत नाही. तरीही उकळलेल्या काचा अधिक टिकतात असे घरोघरी वाटत राहिले, आणि ते वाटणे अगदीच निराधार नव्हते. ज्या काचेत आधीच बारीक चीर असेल ती भांड्यातच फुटे. उरलेली जी कंदिलावर चढे ती मुळातच बरी असे. गाळण झाली होती, आणि तिचे श्रेय मिठाला मिळाले. हा नमुना लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो पुढे पुन्हा भेटतो.

स्टोव्हच्या बाबतीत तोडग्याला वावच फारसा उरला नाही. भोक तुंबले की पिन घालायची, इतका रोग आणि उपाय यांचा संबंध डोळ्यांपुढे होता. दिवाळीनंतरच्या मंडईत आणि शंकरपटाच्या निमित्ताने झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके होत, त्यांच्या मंचावर टांगलेल्या गॅसबत्तीचेही तसेच. हवा कमी झाली की पंप मारायचा, मेंटल फाटले की नवे बांधायचे. जिथे कारण दिसते तिथे तोडगा जन्मत नाही. त्याला थोडा अंधार लागतो. रेडिओच्या पेटीत तो भरपूर होता.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पण खेड्यांत रेडिओ खऱ्या अर्थाने पोचला तो साठच्या दशकात, ट्रान्झिस्टर आल्यावर. विजेच्या तारा अजून गावात आलेल्या नव्हत्या. सगळा कारभार सेलवर. आणि सेल महाग. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागायची आणि नेमका आवाज खोल जाऊ लागायचा. तेव्हाचा सार्वत्रिक तोडगा असा की सेल काढून दुपारभर उन्हात ठेवावेत. छपरावर, ओट्यावर, पापडांच्या शेजारी वाळत घातलेले लाल सेल एका पिढीने पाहिले आहेत. कोणी ते दाताने चेपत, कोणी दगडाने ठोकत.

हा तोडगा परीक्षेला बसवला तर निकाल मजेदार लागतो: तो अर्धा उत्तीर्ण होतो. त्या काळच्या सेलमध्ये जस्ताचे नळकांडे, मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगॅनीज डायऑक्साइडचे मिश्रण आणि नवसागराचा ओलसर लगदा असे. सेल सतत चालला की क्रियेतून निघणारे पदार्थ कार्बनच्या बाजूला साचतात आणि प्रवाह अडतो. उष्णतेने ही गर्दी लवकर पांगते, आतला अवरोध कमी होतो, आणि सेल पुन्हा काही मिनिटे किंवा एखादा तास बोलू लागतो. पण खाल्ले गेलेले जस्त ऊन परत आणून देत नाही. आणखी एक गोष्ट अशी की गर्दी पांगण्याला वेळ मिळाला तरी पुष्कळ काम होते. सेल सावलीत ठेवला तरी थोडा हुशारतो. म्हणजे जे श्रेय उन्हाला दिले गेले त्यातला काही वाटा निव्वळ विश्रांतीचा. हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नव्हती. सारखे वापरलेले दोन सेल उन्हात, दोन सावलीत. संध्याकाळी एकाच रेडिओत आळीपाळीने घालून घड्याळ लावायचे. इतके सोपे असूनही हे केल्याच्या कहाण्या आपल्याकडे ऐकू येत नाहीत. ऐकू येतात त्या सेल 'जिवंत झाल्याच्या'. अशा जिवंत केलेल्या सेलचे झिजलेले जस्त पुढे फुटे, आतला लगदा ओघळे आणि ट्रान्झिस्टरच्या स्प्रिंगा हिरव्या पडत. तो दोष मात्र कंपनीच्या माथी.

इथे कोणी म्हणेल की मराठीत यंत्रांविषयी, उद्योगांविषयी लिहिणारी नियतकालिके नव्हती काय? होती, आणि ती आपल्या वाङ्मयीन इतिहासात मानाने नोंदवावी अशी होती. १९२० साली किर्लोस्करवाडीतून निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे मुळात एका यंत्रकारखान्याचे पत्रक. त्याचे पुढे मराठी मध्यमवर्गाला घडवणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले. पुण्याहून १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' निघू लागले. नागपूरच्या 'उद्यम'ने तर शेती, घरगुती धंदे आणि लहान कारागिरी यांनाच आपला विषय मानले. या नियतकालिकांनी काम केले ते कृती सांगण्याचे: हे इतके घ्यावे, ते तितके घालावे, असे केले की तसे होते. कृतीचे गद्य आज्ञार्थी असते. त्यात शंकेला जागा नसते आणि तुलनेला तर नसतेच. मराठी विज्ञानकथाही पुढे अंतराळाकडे वळली. दुरुस्तीच्या टेबलाकडे तिचे फारसे लक्ष गेले नाही. विनोदी लेखकांचे गेले. चिं. वि. जोशींच्या चिमणरावापासून घरगुती खटाटोपाची फजिती हा मराठी विनोदाचा हक्काचा विषय आहे. पण फजिती ही चाचणी नव्हे. खटपट करणारा हास्यास्पद ठरला की वाचक हसतो आणि त्याच्या उपायात तथ्य होते का, हा प्रश्न तसाच राहतो.

कृतीचे गद्य नसेल तेव्हा तोडगा मौखिक परंपरेतून येतो, आणि त्याची घडण साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी. श्रावणातल्या कहाण्या आठवाव्यात. कोणी एक संकटात सापडतो. कोणी एक भेटून वसा सांगतो. तो नेमाने पाळला की इष्ट फळ मिळते. उपेक्षा केली की वैभव जाते, आणि वसा पुन्हा धरला की ते परत येते. या रचनेत वसा चुकीचा ठरण्याची सोयच ठेवलेली नाही. फळ मिळाले नाही तर पाळणाऱ्याचे चुकले. तांदळातल्या फोनची गोष्ट याच साच्यात सांगितली जाते. 'आमच्या मामांचा फोन विहिरीच्या पाण्यात पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवला, अजून चालतोय.' आणि जिथे चालला नाही तिथे उत्तर तयार असते: दोन दिवस पुरेसे नव्हते, मधेच काढून पाहिला, तांदूळ जुना होता. ज्याचा फोन वाचला तो गोष्ट सांगतो. ज्याचा गेला तो नवा फोन घेतो आणि गप्प राहतो. कंदिलाच्या काचेची गाळण आणि ही गोष्टींची गाळण यांची जात एकच. मौखिक परंपरेचा अभ्यास करताना आपण टिकलेल्या कथा गोळा करतो. न टिकलेल्यांचा हिशेब कसा ठेवावा हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही, हे जाता जाता.

चाचणीची कल्पना काही नवी नाही. १७४७ साली 'सॅलिसबरी' या इंग्रज जहाजावर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीने आजारी बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला त्या काळचा एकेक तोडगा दिला: कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, कोणाला संत्री आणि लिंबे. खाणे एक, जागा एक, रोग एक. संत्र्या-लिंबांची जोडी सहा दिवसांत सुधारली. लिंडचे मोठेपण लिंबे सुचण्यात नव्हते. ती आधीही कित्येकांना सुचली होती. ज्यांना लिंबे दिली नाहीत त्यांच्याकडेही त्याने तितक्याच लक्षाने पाहिले.

आपल्या घरांतले बरेचसे यांत्रिक तोडगे या कसोटीला लावले तर पुष्कळ उत्तीर्ण होतील, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गुंतलेली कॅसेट षट्कोनी पेन्सिलीने गुंडाळणे निर्दोष आहे. पेन्सिलीचे कोपरे चाकाच्या दात्यांत बरोबर बसतात. संगणकाच्या मेमरीचे पितळी दिसणारे टोक खोडरबराने घासणेही ठीक, कारण जोडावर साचलेला थर निघतो. रोज घासले तर सोन्याचा मुलामाही निघेल. ओरखडे पडलेली सीडी टूथपेस्टने घासली की वाचू लागते ती पेस्टमधल्या बारीक कणांनी प्लास्टिक गुळगुळीत केल्यामुळे. पण ओरखडा छापील बाजूला असेल तर सारा खटाटोप व्यर्थ, कारण माहितीचा थर त्याच बाजूला लागून असतो. दूरचित्रवाणी संचाला मारलेली थप्पड काही क्षण खरोखर लागू पडे. आतले सैल झालेले डाख हादऱ्याने जुळत. छताचा पंखा सुरू होईना म्हणून काठीने ढकलणाऱ्यांची थट्टा करू नये. एकफेजी मोटरला स्वतःहून सुरुवात करण्याचे बळ नसते, ते कंडेन्सर पुरवतो. तो दुबळा झाला की काठी त्याची जागा घेते.

मात्र 'यंत्र सुरू झाले' एवढ्यावर निकाल दिला तर घात होतो, आणि हा घात मला या साऱ्या विषयातला सर्वांत गंभीर भाग वाटतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद अडकवण्याचा तोडगा घ्या. तो शंभर टक्के यशस्वी आहे. फ्यूज पुन्हा जात नाही. जायचे ते आता घर जाते. फ्यूजचे वितळणे हाच त्याचा धर्म होता, आणि तोडग्याने नेमका तोच रोग म्हणून काढून टाकला.

धानाच्या मुलखात याहून व्यापक उदाहरण घडले. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनाची सोसली. गावात दिवे राहावेत पण कृषिपंप चालू नयेत म्हणून ठरावीक वेळी तीनांपैकी काही फेजच पुरवण्याची पद्धत आली. रोवणी झालेली, पावसाने दडी मारलेली, बांधीला भेगा पडू लागलेल्या; अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे? मोटरीला कंडेन्सर जोडून अपुऱ्या फेजवर तीनफेजी पंप चालवण्याची युक्ती गावोगाव पसरली. विद्युतशास्त्राच्या दृष्टीने ती हुशारीची आहे. कंडेन्सर उरलेल्या फेजची नक्कल करतो. पाणी येते. पण मोटरीच्या वेटोळ्यांवर भार असमान पडतो आणि ती तापते. एका तारेवर साऱ्यांनी भार घातला की व्होल्टेज पडते. आणि शेवटी साऱ्या शिवाराचे रोहित्र जळते. ज्याने कंडेन्सर लावला त्याचे पीक त्या दिवशी वाचले असेल. ज्याने लावला नव्हता त्याचाही पंप मग पंधरा दिवस बंद. इथे शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्या डोळ्यांसमोर पीक करपते आहे त्याला तुलनात्मक चाचणीचे प्रवचन देणे हा उद्धटपणा होईल. प्रश्न आपल्या निकालाच्या पद्धतीचा आहे. उपायाची किंमत कोणी दिली, हे चाचणीच्या नोंदीत आले नाही तर ती चाचणी अपुरी.

महाराष्ट्रात चमत्कारांची परीक्षा घेण्याची एक सशक्त परंपरा आहे. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभारलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने बुवाबाबांना उघड आव्हाने दिली, आणि त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदाही झाला. यंत्रावरचा तोडगा या छाननीतून सहज निसटतो, कारण त्याला चमत्काराचा वास येत नाही. उलट तो सांगणारा स्वतःला विज्ञाननिष्ठ समजत असतो. 'तांदूळ ओलावा शोषतो' हे वाक्य मंत्रासारखे उच्चारले जात असले तरी दिसते विज्ञानाच्या पुस्तकातल्यासारखे.

आता त्या वाक्याकडे येऊ. तांदूळ ओलावा शोषतो, हे खरे आहे. पण किती आणि कधी? साठवणीतल्या साध्या तांदळात त्याच्या वजनाच्या बारा ते चौदा टक्के पाणी असतेच. एवढे पाणी असलेला तांदूळ साधारण पासष्ट-सत्तर टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेशी समतोल राखून असतो. म्हणजे हवा त्याहून दमट असेल तर तो घेईल, कोरडी असेल तर उलट देईल. किलोभर तांदळाने दहा ग्रॅम पाणी पिणे अशक्य नाही, तेव्हा पोटाच्या मापाचा प्रश्न नाही. प्रश्न ओढीचा आहे. फोनच्या आत पडद्यामागे, जोडांच्या फटीत अडकलेले पाणी आधी वाफ होऊन बाहेर आले पाहिजे. बंद डब्यात तांदळाच्या ढिगाखाली हवा हलत नाही, आणि त्या कोंडलेल्या हवेची आर्द्रता तांदूळच ठरवतो. मे महिन्यात भंडाऱ्याकडची दुपारची हवा तांदळाच्या डब्यातल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. त्या दिवसांत फोन तांदळात पुरणे म्हणजे त्याला अधिक दमट जागी ठेवणे. श्रावणात चित्र थोडे पालटते. बाहेरची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर गेलेली असते, तेव्हा डब्यातली हवा किंचित कोरडी असू शकते. पण त्या दिवसांत कणगीतला तांदूळही हळूहळू ओलावत असतो. अशा वेळी साध्या पंख्याचा वारा डब्याहून उपयोगी.

याची परीक्षा घरात घेता येते, आणि ती घेताना फोन बुडवण्याची गरज नाही. सारख्या आकाराचे स्पंजाचे तीन तुकडे, प्रत्येकात सारखे पाणी, सोनाराकडचा किंवा प्रयोगशाळेतला बारीक वजनकाटा. एक तुकडा तांदळाच्या डब्यात, एक तसाच मेजावर, एक पंख्याखाली. सहा-सहा तासांनी वजन करून लिहून ठेवावे. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यात. अमेरिकेत जुने फोन विकत घेणाऱ्या एका कंपनीने अशीच स्पंजांची तुलना केली होती. तीत कोरडे तांदूळ मागे पडले आणि नुसती उघडी हवा पुढे राहिली. जानेवारी २०२४ मध्ये ॲपल कंपनीनेही आपल्या मदतपृष्ठावर स्पष्ट लिहिले की ओला आयफोन तांदळात ठेवू नये, तांदळाच्या बारीक कणांनी त्याला इजा होऊ शकते. इथल्या गिरणीतून आलेल्या तांदळातला कोंडा हाताला लागतो, त्यामुळे हा इशारा आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

मग मामांचा फोन चालू कसा झाला? बहुधा वेळेने. पाणी दोन दिवसांत आपोआप पुष्कळसे उडून जाते. ओल्या फोनचे खरे नुकसान नुसत्या पाण्याने होत नाही. पाण्यातले क्षार आणि बॅटरीचा प्रवाह एकत्र आले की तांब्याच्या सूक्ष्म वाटा गंजू लागतात, नको तिथे विजेचे पूल बांधले जातात. म्हणून फोन ताबडतोब बंद करणे आणि पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरणे हाच महत्त्वाचा उपचार. तांदळाच्या डब्याने एवढे मात्र नक्की साधते: माणूस दोन दिवस फोनला हात लावत नाही. या अर्थाने तांदूळ फोनवर फारसे काम करत नाही, मालकावर करतो. वशाचे कामही पुष्कळदा असेच चालत असावे. गावातला दुरुस्तीवाला यातले काही बोलत नाही. तो फोन उघडतो, ब्रशाने आणि अल्कोहोलने क्षार धुतो, गरम हवेने वाळवतो, आणि तांदळाचे दाणे चार्जिंगच्या छिद्रातून चिमट्याने काढतो.

या तोडग्याची एक जुनी वाचना आहे, तिचा उल्लेख इथे करायलाच हवा. उष्ण आणि दमट प्रदेशांत काम करणारे छायाचित्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपली फिल्म ओलाव्यापासून जपण्यासाठी डब्यात तांदूळ किंवा चहा ठेवत. पण तो तांदूळ आधी तांबूस होईपर्यंत भाजलेला असे, आणि चहाही वाळवलेला. भाजण्याने दाण्यातले बहुतेक पाणी निघून जाते आणि मग त्याला खरी तहान लागते. संहितेच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे. नकला होता होता एक विशेषण गळते आणि अर्थ उलटा होतो. प्रचलित पाठात 'भाजलेला' हा शब्द राहिलेला नाही. झाडीपट्टीत घरोघरी लाह्या-मुरमुरे भाजले जातात; भाजलेला दाणा उघडा राहिला की तासाभरात सादळतो, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. सादळतो म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेतो. ओलावा टिपायला मुरमुरे कच्च्या तांदळापेक्षा कितीतरी लायक ठरले असते. पण तोडगा बाहेरून आला तो 'तांदूळ' हा शब्द घेऊन, आणि घरातले ज्ञान त्याला प्रश्न विचारायला पुढे झाले नाही. दोन्ही ज्ञाने एकाच स्वयंपाकघरात, एकाच फळीवर, शेजारशेजारच्या डब्यांत होती.

दिवाळीच्या आसपास आधारभूत धान खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. तिथे धानाची आर्द्रता मोजली जाते. सतरा टक्क्यांची मर्यादा आहे. त्याहून अधिक निघाली की पोती परत, पुन्हा मोकळ्या जागेत पसरून वाळवणे, पुन्हा भाडे, आणि मधेच अवकाळी पाऊस आला तर सगळेच मुसळ केरात. मोजणारे यंत्र हातात मावेल एवढे असते. दाण्यांतून जाणाऱ्या विद्युतक्षेत्रावर ओलाव्याचा किती परिणाम होतो यावरून ते आकडा दाखवते. पाणी विजेला फार वेगळे वागवते आणि कोरडा दाणा जवळजवळ उदासीन असतो, त्या फरकावर ते चालते. म्हणजे तांदळाच्या पोटात नेहमीच पाणी असते या गृहीतावरच ते यंत्र बांधलेले आहे. शेतकरी पोते उघडतो, यंत्रात मूठभर धान जाण्याआधी सवयीने एक दाणा दाताखाली धरतो, आणि मग पडद्यावरच्या आकड्याकडे पाहतो. दोन्हींचा निकाल जुळला नाही तर तो यंत्रात दुसरी मूठ घालायला सांगतो.